डाव्या कानाशी

लाइट गेली, तशी गच्चीवरची पोरं भोंगेकाकांभोवती सरकली. काकांचा उभा जन्म लोकांच्या कार्यक्रमांना भोंगे लावण्यात गेलेला, म्हणून हे नाव. त्यांनी बॅटरी फरशीवर उपडी ठेवून तिचा उजेड बुजवला आणि घसा खाकरला.

"ऐकीव नाही हं. माझ्या दुकानावरच्या खोलीत शिवणकाम करते ना, तिची गोष्ट. कुणाला खोटी वाटली तर उद्या जाऊन विचारा. फक्त तिच्या उजव्या बाजूला उभे राहा."

"का?" धाकट्या पुतणीने विचारलं.

"डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही. लहानपणी गालगुंड झालं, त्यात कान गेला."

आणि काका सांगू लागले.

गेल्या जानेवारीतला दुसरा शनिवार. रात्रीचे नऊ वाजलेले. शिंपीणबाईला वीटभट्टीपलीकडच्या नव्या घरी पडदे पोचते करायचे होते. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. पाच वर्षांचं पोर आईचा पदर सोडेना. आणि सासू दारात आडवी उभी.

"अगं, दाराची कडी वाजली तर तू खिडकी उघडतेस. या अंधारात पोराला कुठे नेतेस? राहू दे माझ्यापाशी."

सासूचं अगदीच खोटं नव्हतं. एका कानाच्या माणसाला आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. पण सासूच्या पोटात वेगळंच होतं. बहिरीच्या हाती पोर नको, आपणच सांभाळू, असं तिचं मुलाला दोनदा सुचवून झालं होतं. सुनेला ते ठाऊक होतं.

"आई, आजवर याला एकाच कानाने वाढवलाय मी," ती म्हणाली आणि पोराचं बोट धरून निघाली.

पडदे दिले, चहाला नको म्हटलं. बाहेर येऊन बघते तर धुकं उतरलेलं. बॅटरीचा उजेड हातभर जाऊन थांबायचा. भट्टी कधीचीच बंद पडलेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना माती काढलेले खोल खड्डे, पाण्याने भरलेले. आदल्या वर्षी तिथेच पोस्टमन बुडाला होता. दोन्ही कान शाबूत असलेला माणूस. त्याचा सोबती अजून सांगतो, "मी डावीकडून हाका मारत होतो, आणि तो मला शोधत उजवीकडे गेला."

"असं कसं होईल?" थोरल्या पुतण्याने मध्येच तोंड घातलं. "आवाज जिकडून, तिकडूनच येणार ना!"

"अरे शहाण्या, उजवीकडची हाक उजव्या कानाला केसभर आधी पोचते. आणि जरा मोठी पोचते, कारण डावा कान डोक्याच्या आडोशाला असतो. तेवढ्यावरून मन दिशा ठरवतं. मी दोन भोंगे लावतो, एकातला आवाज किंचित उशिरा सोडतो. सगळी माणसं दुसऱ्या भोंग्याकडे बघतात. मला त्यासाठी भोंगे लागतात. तिथे जे आहे, त्याला लागत नाहीत."

धाकटी सरकून काकांच्या शेजारी बसली.

भट्टीच्या धुराड्यापाशी तिच्या चपलेचा अंगठा तुटला. ती वाकली. पोराचं बोट सुटलं. कुठेतरी कुत्र्याचं पिल्लू केकाटलं आणि पोर तिकडे धावलं. तिने हात पुढे केला, तर हाताला नुसतं धुकं.

"थांब! टाळ्या!" ती ओरडली.

बाजारात चुकामूक व्हायची, म्हणून तिने त्याला शिकवून ठेवलं होतं. चुकलास तर पळायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. जागच्या जागी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. मग ती सावकाश स्वतःभोवती फिरायची. टाळी सगळ्यात मोठी लागली की समजायचं, उजवा कान पोराकडे आहे. त्या बाजूला थोडं जायचं. पुन्हा फिरायचं.

टाळी आली. ती फिरू लागली. टाळी मोठी झाली... बारीक झाली... पुन्हा मोठी.

"आई!"

पोराचाच आवाज. अगदी जवळ. "आई गं, बुडतोय!"

ती गर्रकन फिरली. हाक तेवढीच. पाठ केली. तेवढीच. उजवा कान हाताने गच्च झाकला.

तेवढीच...

टाळी मात्र बुजली होती.

तिला कळलं. टाळी बाहेर होती. हाक कुठेच नव्हती.

मग डाव्या गालाला गार वारा लागला. थांबला. पुन्हा लागला. वारा असा लागत नाही. कुणीतरी... डाव्या बाजूला... अगदी खेटून...

तिने तिकडे पाहिलं नाही.

"बोल," ती म्हणाली. "बोल काय बोलायचं ते! तो कान मेलाय. दोन कानवाल्यांना नाचवलंस ना? मला नाचवून दाखव!" आणि धुक्याकडे तोंड करून, "टाळ्या थांबवू नकोस रे, राजा!"

थोडं चालली. फिरली. थोडं चालली.

"आई..."

टाळी.

"आई..."

टाळी.

तिने हात लांब केला. दोन चिमुकले तळवे. टाळ्यांनी तापलेले.

त्याच्या टाचेमागे पाणी होतं.

दार उघडताच सासूने पोराला ओढून घेतलं. "रडलास का रे? किती हाका मारल्यास आईला?"

"एकपण नाही, आजी. नुसत्या टाळ्या."

सासू सुनेकडे वळली. जिभेवर पुष्कळ काही होतं. पण कंदील वर केला आणि तिची नजर सुनेच्या डाव्या कानावर थांबली. तिने गुपचूप पदराचं टोक पुढे केलं.

"पुसू नका," सून म्हणाली. "पोर माझ्या हाती नको म्हणणाऱ्यांना सकाळी उजेडात नीट बघू द्या."

काकांनी बॅटरी उचलली आणि विझवली.

"काय होतं कानाला?" अंधारातून धाकटीने विचारलं.

"मी स्वतः पाहिलं सकाळी. करडा चिखल. रात्र उलटली तरी ओला. कानाच्या भोकाभोवती दोन ओठ उमटलेले..."

काका धाकटीच्या डाव्या कानाशी वाकले.

"पाच वर्षांच्या पोराचे असतात, तेवढे."