दूध केंद्रातलं वीस मिनिटं पुढचं घड्याळ

“म्हस्कूची सून रात्री दूध केंद्राचं कुलूप काढती, आन् मग…”

मांडवगणच्या टपरीवर चहा घेताना साईच्या कानावर एवढंच पडलं. त्याच्या खांद्यावरची कॉम्प्युटरवाल्याची बॅग दिसली, तसं बोलणाऱ्यानं पुढचं बोलणं बिस्किटाबरोबर गिळलं.

ही गोष्ट कोंडिबा आप्पा दिवस मावळल्यावरच सांगतात. साई त्यांचा सख्खा भाचा, शिरूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. “पटत न्हाई त्यानं त्यालाच जाऊन इचारावं,” आप्पा म्हणतात, आणि पोरं जरा जवळ सरकतात.

काम तसं किरकोळ होतं. केंद्रातल्या कॉम्प्युटरचं घड्याळ वीस मिनिटं पुढं गेलेलं. सकाळचं दूध साडेसातला बंद होतं, आणि पावत्यांवर पावणेआठ छापून येत होते. म्हस्कूची सून मोनाली केंद्राची सचिव. वेळ संपल्यावर ती ओळखीच्यांचं दूध घेते, असं संस्थेच्या चेअरमनचं म्हणणं. रविवारी बैठक होती. बैठकीत तिची नोकरी जाणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक.

मोनालीनं साईपुढं मनगट धरलं. “दादा, माझ्या हातातलं घड्याळ बघा. बरोबर हाय का न्हाई?”

बरोबर होतं.

“सेल गेला आसंल, ताई. पाच मिनटाचं काम.”

साईनं नवा सेल घातला, वेळ लावली आणि गाडीला किक मारली. दुसऱ्या दिवशी फोन आला. पुन्हा वीस मिनिटं पुढं.

मग त्यानं मशीनच्या पोटातली नोंदवही उघडली. कॉम्प्युटर ती स्वतःच लिहितो. कधी सुरू झाला, कधी बंद झाला, वेळ कुणी बदलली. त्याच पहाटे तीन चाळीसला सुरू. वेळ वीस मिनिटं पुढं. बंद. बदलणाऱ्याचं नाव, दगडोबा.

मोनालीचा चेहरा उतरला. “आबांना जाऊन दोन वर्सं झाली की.”

दगडोबा आबा तिच्या आधीचे सचिव. लोकांनी लवकर यावं, दौंडकडं जाणारा टँकर चुकू नये, म्हणून केंद्रातलं घड्याळ ते वीस मिनिटं पुढं ठेवायचे. मशीनमधलं त्यांचं नाव कुणी काढलंच नव्हतं.

चेअरमन हसले. “मेलेल्याच्या नावानं कुणीबी बटन दाबील. चावी कुणाकडं हाय, ते सांगा.”

चावी मोनालीकडंच होती.

मार्गशीर्षातली अमावास्या, शनिवारची रात्र. साईनं घड्याळ बरोबर लावलं, मशीनची वायर काढली आणि बॅगेत कोंबली. “सेलवर घड्याळ तेवढं चालतं. नोंद व्हायला वीज लागती,” त्यानं चेअरमनला सांगितलं. कुलूप लावून चावी चेअरमनच्या खिशात. मोनाली त्यांच्याच घरी, त्यांच्या बायकोशेजारी झोपली. हे दोघं केंद्रासमोर जीपमध्ये. काचा वर. समोरच्या उसात बिबट्याचा वावर.

एक वाजला.

दोन.

कुत्री गप्प झाली.

तीन चाळीस…

कुलूप जागच्या जागी. उजेड नाही. आवाज नाही.

“बघितलं?” चेअरमन हळूच म्हणाले. “आज ती आमच्या घरात. आज कुणी न्हाई.”

मोनालीची बाजू संपली होती.

चार वाजता कुलूप काढलं. वायर जोडायला साईनं कॉम्प्युटरच्या पेटीमागं हात घातला. हात तिथंच थांबला.

“काय झालं?”

“…काय न्हाई.”

वायर जोडली. स्क्रीन उजळली. नोंदवही उघडली.

तीन चाळीस. सुरू.

वीस मिनिटं पुढं.

बंद.

दगडोबा.

चेअरमननं दोनदा वाचलं. मग डोक्यावरची टोपी काढून हातात धरली…

बैठकीत मोनालीचा विषय निघालाच नाही. टपरीवरचं बोलणं अर्धं खरं ठरलं. रात्री केंद्रात कुणीतरी असतं, एवढं खरं. ती मोनाली नव्हे.

“आन् साईकाकाचा हात का थांबला?” आप्पांची नात अपेक्षा विचारते.

आप्पा आधी दाराकडं बघून घेतात.

“हे मोनालीला सांगायचं न्हाई हां. तिला रोज पहाटं एकटीनं केंद्र उघडावं लागतंय.” आवाज खाली येतो. “वायर रातभर साईच्या बॅगंत. थंडी अशी, की हातपाय वळंनात. आन् ती पेटी…”

“पेटी काय, आप्पा?”

“कोमट व्हती. माणूस नुकता उठून गेलेल्या जागंवानी.”