तळ्याच्याच पाण्यात

गल्लीत त्यांना सगळे फिल्टरकाका म्हणत. उभी हयात शहराच्या पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात गेली, आणि निवृत्त झाल्यावरही कुणाकडे गेले तरी पाण्याचा पेला उजेडाकडे धरून न्याहाळल्याशिवाय ते ओठाला लावत नसत. समोरच्याला राग येई, पण ते काकांच्या गावीही नसे. अशा माणसाच्या परसात शेवाळलेलं, हिरवंकंच तळं असावं, ही दैवाची थट्टाच म्हणायची.

तळं त्यांनी काकूंसाठी बांधलं होतं. गुडघाभर खोल, कडेला बसायला दगडी कट्टा. लांबलेल्या दुखण्यातून उठून काकू घरी आल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "शरीर सावरलंय, आता मन रमवा." काकूंचं मन माशांत रमलं. संध्याकाळी पाय पाण्यात सोडून त्या कट्ट्यावर बसत, मासे त्यांच्या बोटांना लुचत, आणि त्या एक जुनं गाणं गुणगुणत. सगळ्यांना ढकलून आधी खाणाऱ्या तांबड्या माशाचं नाव त्यांनी 'वन्सं' ठेवलं होतं. कोपऱ्यात तोंड फुगवून बसणाऱ्याचं नाव 'अहो'. काकांना हे आवडत नसे, म्हणजे मनातून फार आवडे.

मग पाणी हिरवं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. एका सकाळी गुबगुबीत 'मामंजी' उलटे तरंगताना दिसले, आणि काकूंनी दिवसभर अन्नाला हात लावला नाही. मासे गेले तर ही पुन्हा अंथरूण धरेल, हे काकांना लख्ख दिसलं.

त्यांची लेक चिमी नोकरीच्या गावाहून सुट्टीवर आली होती. तिला घेऊन ते मासेवाल्याच्या दुकानात गेले.

"तळं केवढं?" मासेवाल्याने विचारलं.

काकांनी लांबी, रुंदी, खोली तोंडपाठ सांगितली. मासेवाल्याने मधल्या फळीवरचं खोकं काढलं. काकांनी वरच्या फळीकडे बोट दाखवलं.

"बाबा, तळं आहे की धरण?" चिमी हसली.

"फिल्टर कमी पडण्यापेक्षा जास्त झालेला बरा. सगळं पाणी तासाभरात फिरलं पाहिजे."

घरी चिमीने खोक्यावरचा मजकूर वाचून दाखवला. स्पंज नळाच्या पाण्यात धुवायचा नाही, तळ्याच्याच पाण्यात पिळायचा. स्पंजात चांगले जंतू वाढतात, तेच पाणी राखतात. नळाच्या पाण्यातल्या औषधाने ते मरतात.

"जन्मभर मी पाण्यातले जंतू मारले," काका म्हणाले, "आता म्हातारपणी पाळू होय?"

चिमीने कपाळावर हात मारला. दोन दिवसांनी ती परत गेली.

फिल्टर म्हणजे झाकणाचा मोठा काळा डबा. तळाशी बुडवलेला पंप पाणी ओढून डब्यात आणी, ते जाड स्पंजातून झिरपे आणि नळीतून पुन्हा तळ्यात पडे. आठवड्याच्या आत तळाचा खडा न् खडा दिसू लागला. मासे खाली उतरले. काकू खुलल्या. काका दिवसातून चारदा पेलाभर पाणी उजेडाकडे धरून पाहत, आणि आपल्याच कर्तबगारीवर खूश होत.

पंपाला एक बारीक गुणगुण होती. काकांनी आधी लक्ष दिलं नाही. मग एका संध्याकाळी ते झाकणाजवळ वाकले आणि तसेच वाकून राहिले. गुणगुण वर चढत होती, एके ठिकाणी श्वास घेतल्यासारखी थांबत होती, पुन्हा खाली येत होती. काकू नेमक्या तिथेच थांबायच्या.

त्यांनी वळून पाहिलं. काकू पाय सोडून गप्प बसल्या होत्या.

"आज गाणं नाही?"

"कुठलं गाणं?"

स्पंज तुंबला की पंप आवाज करतो, हे काकांना ठाऊक होतं. यंत्राला घशाचा आजार झाला तर माणसाने भुताला का बोलवावं? सकाळी त्यांनी नोकरीतल्या सवयीने कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे चढवले आणि स्पंज नळाखाली धरून पिळला. तपकिरी राड निघाली. हातमोज्यातूनही ती कोमट लागली. तळ्याचं पाणी गार होतं, नळाचंही गार होतं. काकांनी राड गटारात सोडली. पंप मुका झाला.

गाणं मात्र परत आलं नाही. काकांनी पहिली ओळ म्हणून दाखवली तेव्हा काकू कौतुकाने म्हणाल्या, "छान आहे हो. कुठे शिकलात?"

दुसऱ्यांदा स्पंज धुतला त्या संध्याकाळी तांबडा मासा सगळ्यांना ढकलत पुढे आला. काका मुद्दामच म्हणाले, "आल्या बघ तुझ्या वन्सं."

"माशाला वन्सं?" काकू हसल्या. "काहीतरीच तुमचं!"

काका काकूंना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी वार विचारला, हिशेब घातला, डोक्याचा फोटो काढला. सगळं ठणठणीत. "वय झालं काका, थोडं इकडेतिकडे व्हायचंच."

काकूंना काही झाल्यासारखं वाटतही नव्हतं. उलट चेहरा उजळला होता, झोप शांत लागत होती. "हलकं हलकं वाटतं," त्या म्हणायच्या. ते ऐकून काकांच्या अंगावर काटा यायचा. स्पंजात तिचंच काही अडकतंय, असला विचारही मनात आणणं हा त्यांना वेडेपणा वाटत होता. पण त्यांनी स्पंज धुणं बंद केलं. काकूंना तळ्यावर जाऊ नको म्हटलं. त्या रुसल्या, आणि काकांचा दुपारी डोळा लागला की पाय सोडून बसू लागल्या.

धुतला नाही तरी डबा आपलं काम करत राहिला. तळं इतकं नितळ झालं की मासे हवेत लटकल्यासारखे दिसत. नळीतून येणारी धार दिवसेंदिवस बारीक होत गेली. स्पंज भरत होता.

रविवारी चिमीचा फोन आला. नेहमीप्रमाणे काकूंनी उचलला. थोडा वेळ ऐकलं, मग फोनवर तळवा ठेवून त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, कोण मुलगी आहे ही? मला आई म्हणतेय. बिचारीचा नंबर चुकलाय वाटतं."

काकांनी फोन हिसकावून घेतला. पलीकडे चिमी रडत होती.

"बाबा, मी निघते. आत्ताच निघते."

"ये बाळा," काका म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

ते तरातरा परसात गेले. पंप बंद केला. झाकण उघडलं, आणि आतून वास आला. चिखलाचा नाही, शेवाळाचा नाही. तान्ह्या बाळाच्या अंगाला लावायच्या पावडरीचा, न्हाऊ घातलेल्या जावळाचा. चिमी पाळण्यात होती तेव्हा त्यांच्या घराला हाच वास असे.

सवयीने हात नळाकडे गेला. तोटी फिरवली, पाणी पडायला लागलं, आणि काका थिजले.

गाणं याच हातांनी गटारात सोडलं होतं. वन्संही.

त्यांनी तोटी घट्ट बंद केली. स्पंज छातीशी धरला. जड होता, कोमट होता. हातमोजे शोधत बसायला त्यांना उसंत नव्हती.

काका कट्ट्यावर गुडघे टेकून बसले आणि उघडे हात कोपरापर्यंत तळ्यात घालून त्यांनी स्पंज पिळला.

तपकिरी ढग पसरला. मासे सगळीकडून धावत आले, हातांना लुचू लागले. काका पिळत राहिले. पिळता पिळता ते मोठ्याने म्हणत होते, "घे गं बाई तुझं परत, सगळं घे."

काकू मागे येऊन उभ्या होत्या. "अहो, हे काय चाललंय?"

"पाय सोड पाण्यात. काही विचारू नकोस."

त्या बसल्या. पाय बुडाले. ढग त्यांच्या पावलांकडे सरकला, विरळ झाला, दिसेनासा झाला. पाणी पुन्हा नितळ.

काका त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"अगंबाई!" काकू एकदम उठल्या. डोळे भरून आले होते. "मी चिमीला फोनवर काय बोलले हो? माझी चिमी! पोर येईल आता, तिची खोली झाडायला हवी."

काकांनी डोळे मिटले. जिंकलो, असं त्यांना वाटलं. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. हात पाण्यातच होते. मासे अजून लुचत होते. छान गार वाटत होतं.

हलकं हलकं वाटत होतं.

ऊन कलताना फाटक वाजलं. खांद्याला पिशवी लावलेली एक तरुण बाई धावत आत आली. काकूंनी तिला मिठीच मारली. दोघी रडत होत्या, हसत होत्या. काकांना बरं वाटलं. काकूंना सोबत हवीच होती.

"बसा ना," ते अदबीने म्हणाले. "उन्हातून आलात, पाणी देऊ का? आमच्याकडचं पाणी अगदी स्वच्छ असतं."

ती बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"बाबा?" ती म्हणाली.

कुणाला हाक मारली ते बघायला काकांनी मागे वळून पाहिलं. मागे तळं होतं. पंप बंद होता, आणि तरी डबा गुणगुणत होता.