पाटीवरचे श्वास

ज्या वर्षी तानबाच्या शेवंताचं बारसं झालं, ते सत्तावन्न साल. त्याच उन्हाळ्यात सिंदी स्टेशनाजवळच्या कापसाच्या रिकाम्या गोदामात डॉक्टर वासुदेवरावांनी माकडांचे पिंजरे मांडले आणि तानबाला राखणीला ठेवलं. तान्ह्या लेकरांची छाती भरते ती कशानं, हे त्यांना शोधायचं होतं. आजारी लेकरांच्या नाकातलं पाणी ते माकडाच्या पिलाच्या नाकात थेंब थेंब सोडत. मग घड्याळाचा सेकंदकाटा एक फेरा मारीपर्यंत तानबानं पिलाचे श्वास टिपायचे. लिहिता येत नव्हतं. दर श्वासाला पाटीवर एक उभी रेघ.

पावसाची झड लागली, पिलू कुडकुडू लागलं. तानबा घरून शेवंताचं दुपटं घेऊन निघाला.

"माकडाले पोरीचं दुपटं?" बायको सीता म्हणाली. "आता त्याचं बारसंही करा!"

चार दिवसांनी पिलू मेलं. चुना टाकून पुरलं. पिंजऱ्यातलं सारं जाळून टाकायचा नियम होता. पण दुपटं सीताच्या आईनं शिवलेलं. तानबानं ते झटकलं, वाळवलं आणि घरी नेलं.

सोमवारी शेवंताला ताप चढला.

मंगळवारी गोदाम उघडलं, तर रिकाम्या पिंजऱ्यासमोरच्या पाटीवर रेघा. तानबाच्याच हातच्या वाटाव्या अशा, डावीकडे कललेल्या. बासष्ट. त्यानं डॉक्टरांचं घड्याळ मागून घरी नेलं, पोरीच्या छातीवर हात ठेवला. बासष्ट.

"डाक्टरले सांगा न," सीता म्हणाली. "काऊन थांबून राह्यले?"

सांगायचं तर दुपट्याचंही सांगावं लागलं असतं. नोकरी गेली असती.

बुधवारी डॉक्टरांनीच विचारलं, "चेहरा का उतरला रे? इथलं काही घरी नेलं नाहीस ना?"

"नाई जी."

त्यानं पाटी ओल्या फडक्यानं पुसली, पिंजऱ्यात ठेवून कुलूप लावलं. किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली.

गुरुवारी सकाळी कुलूप तसंच होतं.

पाटीवर वीस रेघा. एकविसावी अर्ध्यातच थांबलेली.

तानबा तिच्याकडे पाहत बसला. डॉक्टर पलीकडच्याच खोलीत खोकत होते.

दुपारी तो उठला आणि त्यानं डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर पेटी घेऊन धावत निघाले.

घराच्या दारातूनच दिसलं. दुपटं पोरीच्या अंगावर होतं आणि हलत नव्हतं.

शेवंता, वय पाच महिने, १८ जुलै १९५७ रोजी, गुरुवारी दुपारी वारली.