भांडण त्यांचं, अक्षर आमचं

बास्तियाँचा चेहरा पाहायच्या आधीच मी त्याच्या अक्षरावर भाळले होते! माझे बाबा आणि द्यूव्हाल, दोघेही पॅरिसचे नामांकित तत्त्वज्ञ, एकेकाळचे जिवलग मित्र. आता देव आहे की नाही, यावरून पत्रांतून भांडत होते. बाबांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांची पत्रं मी लिहायची. द्यूव्हालांची त्यांचा लेखनिक बास्तियाँ लिहायचा.

एका गारठलेल्या दुपारी तो स्वतःच पत्र घेऊन दारात उभा! टोपीवरून पाणी ठिबकत होतं.

"बाबांना 'म्हातारं गाढव' तुम्हीच लिहिलंत ना?"

"गाढव मालकांचं. अक्षराला लांब शेपटी काढली, ती माझी… तुमच्यासाठी."

"भलतेच धीट आहात हो!"

"थंडीनं कापतोय. आत घ्या, मग धीट होतो."

मला हसू फुटलं, आणि जीव जडला तो जडलाच. म्हातारे जितके भांडत, तितक्या आमच्या भेटी होत. हे भांडण मिटूच नये, असं मी देवाला विनवायची. काय मागत होते मी!

मग बाबांनी ते पत्र सांगितलं. शेवटचं वाक्य होतं – 'देवाची टर उडवणारं ते निनावी पुस्तक, द्यूव्हाल, तुझंच आहे.' त्या पुस्तकाचं हस्तलिखित छापखान्यात पोलिसांना सापडलं होतं, आणि ते बास्तियाँच्या अक्षरात होतं; अक्षर कुणाचं, एवढंच त्यांना कळलं नव्हतं. मालकांना बडे सरदार सोडवतील, पण याला कोण? मी ते वाक्य गाळलं.

पण आमच्याकडे खासगी पत्र कधीच खासगी नसतं. गुरुवारी मंडळी जमली, पत्र मोठ्यानं वाचलं गेलं, टाळ्या पडल्या. बाबांच्या कपाळावर मात्र आठी.

"थांबा, माझं सगळ्यात झकास वाक्य राहिलं की!" म्हणत त्यांनी ते तोंडपाठ म्हणून दाखवलं. पाहुण्यांनी लगेच उतरून घेतलं, आणि रातोरात ते पोलिसांपर्यंत पोचलं.

दुसऱ्या दिवशी बास्तियाँला पकडून नेलं. मी धावत गाडीपाशी गेले.

"पत्र लिहीन गं… शेपटी ओळखशील ना?"

"हजारांत ओळखीन."

वसंतात पत्र आलं, पण द्यूव्हालांचं. अक्षर परक्याचं, शेपटी नाही. 'मित्रा, माझा लेखनिक तुरुंगात तापानं गेला. पुरे झालं भांडण. मला क्षमा कर.'

"मिटलं बाई एकदाचं!" बाबा म्हणाले. "घे लेखणी, उत्तर लिही."

मी लेखणीला हात लावला नाही.

"बाबा, तो लेखनिक… माझं त्याच्यावर प्रेम होतं."

"म्हणून ते वाक्य तू गाळलं होतंस…" बाबा म्हणाले.