तोर्कलचं तळं

उत्तर स्कॉटलंडमधल्या सदरलंडच्या डोंगरांत सरकारी नकाशासाठी वाड्यावस्त्यांची, ओढ्यांची नावं टिपत मी बरेच उन्हाळे हिंडलो. काम सोपं होतं. नाव विचारायचं, लिहायचं आणि ते बरोबर असल्याबद्दल तीन प्रतिष्ठितांच्या सह्या घ्यायच्या. प्रतिष्ठित म्हणजे ज्यांना त्या ओढ्यात कधी पाय घालावा लागत नाही असे.

त्या तळ्याशी पोचलो तेव्हा दुपार होती. धुकं उतरून पाण्यावर टेकलं होतं. वारा मुळीच नव्हता, तरी काठची लव्हाळी सगळी पाण्याकडे झुकलेली. ऑयरिक नावाची म्हातारी दलदलीतून कापलेल्या जळाऊ मातीच्या विटा रचत होती.

"याला काय म्हणतात, आजी?"

"तोर्कलचं तळं. माझा लेक तो. गेल्या हिवाळ्यात यातच गेला." तिचे हात थांबले नाहीत. "लिहा बाबा. छापून टाका एकदाचं."

लिहिलं, आणि सह्यांना निघालो. इस्टेटीचा कारभारी म्हणाला, "छे! रुअरीचं तळं." पाद्रीबाबा म्हणाले, "फारकरचं." मन्रो मास्तरांनी चहा ओतला, ओटची भाकरी पुढे सारली आणि तोर्कलवर सही केली.

"मग खरं कोणतं?" मी विचारलं.

"तिन्ही. जो सगळ्यांत शेवटी बुडून आत राहिला, त्याचं नाव. कारभारी इथे आले त्या वर्षी रुअरी होता. त्यांनी पुन्हा चौकशीच केली नाही. पाद्रीबाबा त्याच्याही आधीचे."

"आणि आता तोर्कल."

"आता तोर्कल. ऑयरिकचं म्हणणं, छापलेलं नाव बदलत नाही. छापलंत तर तळ्याला पुढचा माणूस लागायचा नाही."

मास्तर हसतील म्हणून वाट पाहिली. हसले नाहीत. मग दोघांच्या वाटचं मीच हसलो.

नियम असा, की मतभेद असेल तिथे जागा कोरी ठेवायची. नियम मोडायला माणूस लागतो. मी सरकारी नोकर होतो.

परतताना म्हातारीला सांगितलं.

"कोरं ठेवलंत?"

"नियम आहे, आजी."

"म्हणजे जागा राखून ठेवलीत म्हणायची." ती पाण्याकडे बघत राहिली. मग पाहुण्याची विचारपूस करावी तशा मऊ आवाजात म्हणाली, "तुमचं नाव काय, बाबा?"

"हॅडो."

"हॅडोचं तळं," ती पुटपुटली. पुन्हा म्हणून पाहिलं. "जिभेला जड जातंय जरा. होईल सवय."

आता मी पेन्शनीवर एडिनबराला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. सर्वांत जवळचं पाणी किटलीतलं. तिकडे परत गेलो नाही, बोलावणं नव्हतं.

परवा छपराच्या दगडी पाट्या बसवायला एकजण आला. बोलणं उत्तरेकडचं वाटलं, म्हणून गाव विचारलं.

"हॅडोच्या तळ्यापलीकडे, साहेब."

"कोण हा हॅडो?"

"कुणास ठाऊक!" तो शिडी खांद्यावर घेत म्हणाला. "अजून यायचाय म्हणतात."

त्याला पोचवून दार लावलं.

उंबऱ्याशी माझे बूट होते. आठवडाभर पाऊस नव्हता.

बुटांत घोट्याएवढं तपकिरी पाणी होतं. त्यात एक लव्हाळं उभं होतं, माझ्याकडे झुकून.