वाटाड्याचा दिवा

चष्म्याच्या दुकानात ताई एका आजोबांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावत होती, तेवढ्यात फोन वाजला. गिऱ्हाईक समोर असताना ती फोन घेत नसे. पण फोन करणारी मैत्रीण, खेळातली खारूताई, थांबेचना.

"वाटाड्याचा दिवा गेला," ती म्हणाली.

"गेला म्हणजे?"

"भांडारात नाही. एकूण एक दिवा उघडून बघितला. आणि उद्या संध्याकाळी मावशी यायच्यात."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

हा दिवा तेलवातीचा नव्हे, खेळातला. दूरदूरची माणसं संगणकावर जमून राक्षस मारतात, किल्ले बांधतात, तसला खेळ. पोटापाण्याला लागलेली मोठी माणसं हे करतात म्हटल्यावर लोक हसतात. हसू देत बापडे. ताई तिथे एका टोळीची म्होरकी होती. एरवी दातांच्या दवाखान्यात मदतनीस असलेली खारूताई टोळीचं भांडार सांभाळायची.

खेळात प्रत्येक ऋतूचा एक मेळा भरे. थंडीतल्या मेळ्यात, शेवटचे काही दिवस सोडून, रोज संध्याकाळी हजेरी लावली की एक दिवा मिळायचा. सगळ्या संध्याकाळचे दिवे वितळवले की बसायला पांढरं हरिण. एक संध्याकाळ जरी बुडली तरी हरिण नाही. भांडारातले दिवे मात्र टोळीचे. ते शेवटच्या दिवशी सभागृहात लावायचे, वितळवायचे नाहीत, असा टोळीचा कायदा होता.

वाटाड्या हा टोळीतला सगळ्यात जुना गडी. आजारपणात गेला. जाण्याआधी त्याने एका दिव्यात आईसाठी दोन ओळी लिहून तो भांडारात ठेवला. बाहेरून तो इतर दिव्यांसारखाच दिसे, उघडला तरच ओळी दिसत. त्याची आई, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, दरवर्षी मेळ्याच्या शेवटच्या संध्याकाळी त्याच्या संगणकाशी बसायच्या, त्याचं पात्र कसंबसं चालवत सभागृहात आणायच्या, दिवा उघडून वाचायच्या आणि जायच्या. वर्षातून तेवढंच. उद्या त्यांना दाखवायचं काय?

मेळ्यात भांडार टोळीतल्या सगळ्यांना उघडं असे, आणि कोणी काय नेलं हे खेळ सांगत नसे. बुधवारी सकाळपर्यंत दिवा होता आणि त्या दुपारी लिफ्टवाला सभागृहात दिसला होता, एवढंच खारूताईला ठाऊक होतं.

ताईने त्या संध्याकाळी हेडफोन चढवला आणि लिफ्टवाल्याला बोलावलं. लिफ्ट दुरुस्त करणारा हा गृहस्थ टोळीत नवाच आला होता. ताईनेच आणला होता.

"काल, बुधवारी दुपारी सभागृहात तुम्ही होतात?"

"होतो. सुट्टी होती."

"भांडारात गेलात?"

"दारापर्यंत. आत नाही."

"दिवा तुम्ही वितळवलात?"

"एका दिव्याने मला हरिण थोडंच मिळणार, ताई. माझ्या तर कितीतरी संध्याकाळी बुडल्यात."

"तुमच्याशिवाय तिथे कोण होतं?"

तो जरा घुटमळला. "बुधवारी दुपारी तुम्ही..."

"दुपारी मी दुकानात असते. विषय बदलू नका."

"दुकानात होतात?"

"मग कुठे असणार?"

मग तो म्हणाला, "असं आहे तर माझं काही म्हणणं नाही."

एवढं ताईला पुरलं. म्हणणं नाही म्हणजे कबुलीच की. सगळ्यांच्या देखत तिने त्याला टोळीतून काढून टाकलं. वर ऐकवलंही, "मेलेल्या माणसाच्या वस्तूला हात लावताना लाज वाटली नाही?"

ती जेवायला आली तेव्हा बाबा ताटावर मान घालून बसले होते. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. दुपार जाता जात नाही म्हणून ताईने त्यांना तिच्या पात्राच्या बागेला पाणी घालायला शिकवलं होतं, आणि ते काम ते शिस्तीत करायचे. आदल्या रात्री मात्र ते खुशीत होते. ती खुर्चीवर टेकते न टेकते तोच, "आलं का गं तुझं पांढरं हरिण?" म्हणून विचारलं होतं. आलं होतं. आज ते पोळीचा तुकडा नुसता कुस्करत होते.

"बरं नाही का?"

"भूक नाही."

दुसऱ्या दिवशी दुकानात पुन्हा खारूताईचा फोन. आज रडकुंडीला आली होती.

"चोर गेला, पण दिवा कुठे मिळाला? मावशींना काय तोंड दाखवायचं? हे वर्षच वाईट. एक संध्याकाळ बुडली तर माझं हरिणही गेलं."

"एक संध्याकाळ माफ असते ना?"

"कुणी सांगितलं? हा खेळ सख्ख्या आईला माफ करायचा नाही."

ताईने फोन ठेवला. सोमवारी दुकानात मालमोजणी होती. सोमवारची तिची संध्याकाळ बुडाली होती. तरी बुधवारी घरी येऊन बघते तो हरिण उभं. खेळाने माफ केलं असेल, म्हणून ती खुशाल त्याच्यावर बसून हिंडली होती.

मालकाला डोकं दुखतंय सांगून ती घरी आली. बाबा शब्दकोडं पुढ्यात घेऊन बसले होते. एकही चौकोन भरलेला नव्हता.

"बाबा, मी माझ्याच हरणावर बसून चोर शोधत होते."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"माझा एक दिवा कमी होता. तो कुठून तरी आला. बुधवारी दुपारी मी दुकानात होते, आणि लिफ्टवाला भांडाराच्या दाराशी कुणाला तरी भेटला. मला विचारणार होता, मी बोलू दिलं नाही. त्याने माझंच पात्र पाहिलं असणार. दुपारी माझं पात्र तुम्ही चालवता. आणि हरिण आलं हे मी सांगायच्या आधी तुम्हाला कसं माहीत?"

"सोमवारी किती हिरमुसली होतीस तू," बाबा म्हणाले. "म्हटलं, एवढे दिवे पडलेत. अगदी मागचा, कुणाला लागणार नाही असा घेतला."

"आणि काल? मी त्या माणसाला नाही नाही ते बोलत होते तेव्हा?"

"शेजारच्या खोलीत होतो. सगळं ऐकलं," बाबा म्हणाले. "खडू चोरला म्हणून पोरांना वर्गापुढे उभं केलं मी जन्मभर. मला उठता आलं नाही गं."

संध्याकाळी मावशी आल्या. वाटाड्याचं पात्र भिंतींना धडकत सभागृहात शिरलं. बाबांनी ताईकडून हेडफोन मागून घेतला आणि काहीही न लपवता सांगितलं. ताई शेजारी बसून हेडफोनला कान लावून ऐकत होती.

"उघडून वाचला होतात का?" मावशींनी विचारलं.

"नाही."

"वाचला असतात तर वितळवला नसतात."

"नसता."

"ज्यांना काढलंत त्यांना आधी बोलवा."

ताईने बोलावलं, आणि तो आला. ताई म्हणाली, "माझं चुकलं. पण तुम्ही मला पाहिलं होतं, तर बोलला का नाहीत?"

"तुम्ही दुकानात होते म्हणालात. मला वाटलं, तुमच्या हातून चुकून झालं असेल आणि सांगायला जीभ रेटत नसेल. मावशींपुढे तुम्हाला मान कशाला खाली घालायला लावायची?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं ताईला झालं.

"त्याच्या ओळी मला पाठ आहेत," मावशी म्हणाल्या. "पण त्याच्या नावाने हव्यात."

"मग नव्या दिव्यात तुम्हीच लिहा," लिफ्टवाला म्हणाला. "त्याच्या पात्राने लिहिलंत की खाली नाव त्याचंच येतं."

"मला हे येत नाही हो."

बाबा लगबगीने पुढे सरकले. "मी सांगतो. आयुष्यभर लिहायलाच शिकवलंय. अगदी सोपं आहे."

"तुम्ही नको," मावशी म्हणाल्या. रागाने नाही, साधंच. "हे सांगतील."

लिफ्टवाल्याने त्यांना एकेक अक्षर सांगायला घेतलं. मावशी चुकायच्या, तो पुन्हा सांगायचा. दिव्यात ओळी उमटत गेल्या: आई, एवढा डाव संपला की जेवायला येतो. तू थांबू नकोस.

बाबा हेडफोन कानाला धरून ऐकत राहिले. त्यांना कुणी काही विचारलं नाही.