बिनबटणाचं काज

वीज गेली तर जाऊ दे. मोबाइल ठेवा बाजूला, उगाच बॅटरी संपवू नका. गोष्ट हवी ना? सांगतो. पण ही ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरली तो माझा मित्र, आणि प्रेसच्या याच पायरीवर बसून त्याने मला ती सांगितली. पुतणीबाई, हसायचं तर आत्ताच हसून घे.

तो लेखक होता. म्हणजे लोकांची पुस्तकं त्यांच्यासाठी लिहून द्यायचा. कुणाच्या वडिलांची पंच्याहत्तरी, कुणाच्या कारखान्याची वाटचाल, असलं सगळं. तो लिहायचा, मी छापायचो. त्याच्या पुस्तकांत दोन भाऊ कधी भांडले नाहीत, सगळे सासरे देवमाणूस आणि सगळ्या सुना लेकीसारख्या. आम्ही प्रेसमध्ये त्याला गोडबोल्या म्हणायचो. चिडायचा नाही. "अरे, खरं लिहायला मला बोलावतो कोण?" असं म्हणायचा. मात्र म्हणताना दुसरीकडे बघायचा.

आपल्या बाजारातल्या एका टेलरिंगच्या दुकानाला पन्नास वर्षं होत आली होती. दुकान काढलेले मास्तर तेव्हा ऐंशीच्या पुढचे, वर घरात असायचे. दुकान मुलगा बघायचा. मोठा बोलका माणूस. त्याला वडिलांवर पुस्तक हवं होतं. गोडबोल्याने ते जवळजवळ लिहून संपवलंही होतं. राहिलं होतं एकच काम. जुन्या मापांच्या वह्यांमधून नामांकित गिऱ्हाइकांची नावं काढायची होती.

"वह्या दुकानाबाहेर द्यायच्या नाहीत, ही बाबांची शिस्त," मुलगा म्हणाला. "आणि उद्या सकाळी त्या फाडून रद्दीत जाणार. दुकानाचं नवं काम काढतोय ना. तुम्ही आजची रात्र बसा. मी बाहेरून शटर लावतो, सहाला उघडतो. चालेल?"

गोडबोल्या काय म्हणणार? "चालेल की!"

डिसेंबरातला दुसरा मंगळवार. नऊ वर्षं होऊन गेली. साडेनऊला शटर खाली आलं, बाहेर कुलपाचा आवाज झाला, आणि हा आत एकटा. मधोमध कापड कापायचं लांब टेबल, भिंतीला आरसा, मागे वरच्या घरात जाणारा जिना. जिन्याखाली सामानाची खोली, तिच्यात वह्या. खोली एवढीशी, माणूस जेमतेम आडवा होईल इतकी. दाराला बाहेरून कडी. आत शिरताना दिव्याच्या वायरीत त्याचा पाय अडकला. दिवा छताला नव्हताच. लांब वायरीला बांधून पार खाली, गुडघ्याच्याही खाली सोडलेला. "इलेक्ट्रिशियन बुटका होता वाटतं," असं स्वतःशीच म्हणत त्याने वह्या टेबलावर आणल्या आणि खोलीतला तो दिवा बंद केला. बंद केल्याचं त्याला पक्कं आठवत होतं. पुढे मला तीनदा सांगितलं त्याने.

मापांच्या वह्यांची पद्धत अशी. एका गिऱ्हाइकाला एक पान. वर नाव, खाली तारीख टाकून छाती, कंबर, खांदा, बाही. माणूस पुन्हा आला की त्याच पानावर खाली नवी तारीख, नवी मापं. पान चाळलं की माणूस सुटत गेलेला दिसतो. एका वकिलांची कंबर तिशीतून चाळिशीत पोहोचलेली बघून गोडबोल्या एकटाच हसला. मजेत चाललं होतं त्याचं.

पावणेबाराला एक पान आलं, त्यावर नाव नव्हतं. वर फक्त लिहिलेलं, "घरचे". मापं बाईची. वयाने तरुण असावी. खाली तारखा, दर सहा महिन्यांनी.

ही कोण, ते त्याला लगेच कळलं. मास्तरांची धाकटी बहीण. तिच्यावर त्याने स्वतःच एक परिच्छेद लिहिला होता, मुलाने सांगितला तसा. दुकान निघाल्यावर दुसऱ्याच वर्षी ती कापडाच्या एका फिरत्या विक्रेत्याबरोबर निघून गेली, परत आली नाही, आणि मास्तरांनी तो घाव सोसून धंदा उभा केला. वाचताना डोळ्यांत पाणी यावं असा परिच्छेद होता.

पण पानावरच्या तारखा दुसऱ्या वर्षाला थांबत नव्हत्या.

तिसऱ्या वर्षी मापं होती. चौथ्या वर्षी होती. पाचव्या वर्षीही. अक्षर मास्तरांचंच. कंबर अठ्ठावीस. मग सत्तावीस. मग पंचवीस. पुढे साडेबावीस. बाकी सगळ्या वहीत माणसं सुटत गेली होती. ही एकटी आटत गेली होती.

 गोडबोल्याने बोट खाली नेलं. अकराव्या वर्षाची नोंद शेवटची. तिच्यात छाती नाही, कंबर नाही, बाही नाही. दोनच मापं.

डोकं ते टाच, साठ. खांदा, साडेबारा.

तुम्हीच सांगा पोरांनो, कुठला कपडा शिवायला फक्त एवढी दोन मापं लागतात? कपड्याला नाही लागत. पेटीला लागतात. खड्ड्याला लागतात.

मग त्याला दुसरी गोष्ट आठवली, तीही त्याच्याच हातची. दुकानाचं नाव झालं होतं ते हाताने केलेल्या काजांवर. काज म्हणजे बटण अडकवायचं भोक, कडेने दोऱ्याने बांधलेलं. लांबून लोक त्यासाठी यायचे. "मास्तर रात्र रात्र जागून स्वतः काजं करीत," असं त्याने लिहिलं होतं. आणि पुढच्याच पानावर, "अकराव्या वर्षी काळाची पावलं ओळखून त्यांनी काजाचं मशीन आणलं." दोन्ही वाक्यं त्याचीच. शेजारीशेजारी. त्याने कधी जोडून पाहिली नव्हती.

तो जिन्याखालच्या खोलीकडे बघत राहिला. बाहेरून कडी. आणि दिवा... इतका खाली दिवा कुणाला लागतो? जमिनीवर बसून सुईत दोरा ओवणाऱ्याला.

त्याने शटर ढकलून पाहिलं. कुलूप होतं. जिना चढून गेला, तर वरचं दार पलीकडून लावलेलं. मुलाला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मग तो टेबलाशी येऊन बसला, खोलीकडे पाठ करून. कारण तिकडे तोंड करून बसवत नव्हतं. नऊ वर्षं ती आत होती, आपण अडीच तासांत घाबरलो, याची त्याला लाज वाटली. खरंच वाटली, मला म्हणाला तसं. हे पान उद्या रद्दीत गेलं की ती कधी नव्हतीच. उरणार फक्त पळून गेलेली बहीण, आणि तीही आपल्याच गोड अक्षरात.

बसल्या बसल्या त्याला छातीपाशी काहीतरी टोचल्यासारखं झालं. बारीक. मग पुन्हा. थंडी असेल, म्हणून त्याने शर्टावरून हात फिरवला.

दोन वाजून दहा मिनिटांनी वरचं दार उघडलं.

जिन्यावरून पावलं आली. एक पायरी. थांबली. दुसरी पायरी. मास्तर. गळ्यात टेप. त्या वयात, त्या वेळेला, गळ्यात टेप.

"सापडलं का?" त्यांनी विचारलं.



"खायला-ल्यायला काही कमी केलं नाही मी तिला," मास्तर म्हणाले. अगदी शांत. गिऱ्हाइकाला कापडाचा दर सांगावा तसे. "लग्न करून जायचं म्हणत होती. गेली असती तर दुकान बसलं असतं. पोराला यातलं ठाऊक नाही. ते पान द्या."

"मास्तर, अहो, ती तुमची सख्खी बहीण..."

"पान द्या."

आता माझा मित्र. सगळ्यांना हो म्हणण्यात जन्म गेलेला. त्याने पान फाडलं. आणि दिलं.

मास्तरांनी काडी ओढली. पान टेबलावरच जाळलं, राख तळहाताने गोळा केली. आणि तेवढ्यात...

जिन्याखालच्या खोलीत दिवा लागला.

खाली. जमिनीलगत. दाराच्या फटीतून उजेडाची एक पट्टी फरशीवर आली. ती मधेच तुटलेली होती. आत दिव्यापुढे कुणीतरी बसल्यासारखी.

गोडबोल्या दचकून मागे सरला. मास्तर मात्र दचकले नाहीत. त्यांनी खोलीकडे पाहिलंही नाही. घरातल्या माणसाशी बोलावं तसे म्हणाले,

"पुरे आता. झोप."

...

दिवा गेला.

"रोज सांगावं लागतं," मास्तर म्हणाले, आणि जिना चढून गेले.

सहाला शटर उघडलं. मुलगा हसत म्हणाला, "काय, झोपलात की काय?" हा तडक घरी गेला. अंघोळीला शर्ट काढला तर डाव्या बाजूला, खिशाच्या वर, एक काज. रेडिमेड शर्ट, मशीनची काजं. हे मात्र हाताचं. इतकं बारीक, इतकं नेटकं, की उलटसुलट सारखंच. त्याच्यासमोर बटण नाही. बटण लागावं अशी ती जागाच नाही.

तरीही त्याने पुस्तक गोडच लिहून दिलं, बरं का. भित्रा होता. मीही ते छापलं. प्रकाशन झालं, टाळ्या वाजल्या. त्यानंतर रोज सकाळी त्याच्या शर्टावर एक काज जास्तीचं. कपाटातल्या शर्टावर, दोरीवर वाळत घातलेल्या शर्टावर. दार-खिडक्या लावून झोपला, उघड्या अंगाने झोपला, तरी सकाळी घडी केलेल्या शर्टावर काज. सतरा दिवस. अठराव्या दिवशी तो टेबलाशी बसला आणि सगळं खरं लिहून काढलं. जळलेल्या पानावरचं एकेक माप त्याला तोंडपाठ होतं. छत्तीस पानं. ती घेऊन तो माझ्याकडे आला, इथेच, या पायरीवर.

"हे छाप," म्हणाला. "माझ्या नावाने छाप. आयुष्यात एकदा तरी खरं लिहिलंय."

मी म्हटलं, ठेव, बघू.

त्या रात्रीपासून त्याची काजं थांबली. ओझं उतरलेल्या माणसासारखा दिसायचा. दर महिन्याला विचारायचा, "लागलं का छपाईला?" मी म्हणायचो, बघू. दुकानवाला माझा रोजचा ओळखीचा. त्याची लेबलं मीच छापतो. मास्तर वारले, तेव्हा म्हटलं, लगेच कसं छापायचं. मग वर्ष गेलं. मग आणखी गेलं. मी त्याला गोडबोल्या म्हणत होतो... आणि त्याची खरी पानं माझ्या खालच्या खणात पडून होती. अजून आहेत.

परवा तो गेला. हो, तोच. आपण शनिवारी ज्याच्या मयताला जाऊन आलो ना, तो. शेवटपर्यंत विचारत होता.

आता तुम्ही म्हणाल, काकांना आजच ही गोष्ट कशी सुचली. आणि एवढं उकडतंय तरी काका शाल पांघरून का बसलेत.

आज सकाळी सदरा घातला. आरशात पाहिलं. आणि तेव्हापासून ही शाल काढलेली नाही.

पुतणीबाई, तू मोबाइलचा टॉर्च लाव बरं. जवळ ये. घाबरू नकोस. ही शाल मी बाजूला करतो, तू उजेड धर. इथे, खिशाच्या वर. दिसतंय? हेच ते. बटण नाही ना समोर? उद्या पहिलं काम ती छत्तीस पानं. उद्या नक्की...

काय झालं? 

"काका... दोन आहेत."

दोन कशी असतील? सकाळी एकच होतं. नीट बघ.

"दोनच आहेत, काका. खालचं अर्धंच झालंय... दोरा अजून लोंबतोय."